आवाज घुमू नये म्हणून

पिंपळगाव राजा,
१० मार्च २०२३

हर्षल,

फोनवरून तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवरून केलंस, इन्स्टावरूनही केलंस. टपालखात्यावरून करता येतं का ते बघून सांग. पत्ता शोधावा लागला नाही. कोकिळाकाकूंनी तुला शेवयांचा डबा पाठवला होता ना, त्याच्या कापडावर तो मीच लिहिला होता. आईच्या डब्यावरचं अक्षर कुणाचं आहे हे बघायची तुला गरज वाटली नसेल.

इकडे सगळं उत्तम आहे. 'गंजीवरच्या गप्पा' चालू आहे. तू गेलास म्हणून पॉडकास्ट बंद पडला असं तिकडे कुणाला सांगत असशील तर सांगू नकोस. तुमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, कापसाच्या त्याच ढिगावर बसून मी दर आठवड्याला नवा भाग करतो. पाहुणे येतात. मागच्या भागात गुलाबी बोंडअळीची मुलाखत घेतली. बीटीचं बियाणं आलं तेव्हा अळी मरेल म्हणाले होते, आता ती बीटीच खाऊन गुबगुबीत झाली आहे, तर तिला विचारलं की बाई, या वयात एवढी चांगली तब्येत कशी ठेवलीस. लोकांना आवडला.

पत्राचं कारण वेगळं आहे. तुझी ती क्लिप.

स्टेजवर तू तुझ्या बाबांची, आमच्या पंजाबकाकांची चाल चालतोस. एका हातात माइक, दुसऱ्या हाताने मान खाजवतोस, मग पाठ, मग बगल, आणि म्हणतोस, "कापूस इकनार नाई. भाव येऊन राह्यला." मग तो कापूस खोलीत झोपतो आणि पाहुणे ओट्यावर. बाप रोज सकाळी कापसाला विचारतो, झोप लागली का बाप्पा. पुण्याची माणसं खुर्चीवरून पडायची बाकी राहतात. तुकडा चांगला आहे हे मला माहीत आहे. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, त्यातलं झोपेचं वाक्य माझं आहे. असो.

गावात काय चाललंय ते तुला माहीत नाही. पंजाबकाका स्टँडवर इंद्रभानच्या हॉटेलात चहाला गेले की बाकावरची पोरं खाजवायला लागतात. इंद्रभान स्वतः कप ठेवताना मान खाजवतो आणि म्हणतो, "काय म्हनते भाव, पंजाबराव? येऊन राह्यला का?" काका हसतात. त्यांच्यासोबत हसतात. मला ते हसणं बघवत नाही.

आणि आता मे महिन्यात तू तासाभराचा कार्यक्रम शूट करणार आहेस. काकूंच्या फोनवर पोस्टर पाहिलं. पोस्टरवर तू मान खाजवतो आहेस, म्हणजे शेवट कशावर होणार ते कळलंच. क्लिप लोक चार दिवसांनी विसरतात. तासाभराचा कार्यक्रम राहतो. माझं एकच मागणं आहे. तो तुकडा त्यातून काढ. तो राहिला तर काका तुझ्याशी पुन्हा मनापासून बोलतील असं मला वाटत नाही, आणि या घराच्या पायऱ्या चढताना तुझाही पाय अडेल.

फोनवर हेच म्हणालो होतो तेव्हा तू म्हणालास, "तू जळतो बे." आणि फोन ठेवलास. जळतोच मी. पण हे त्यासाठी नाही.

शाकिर

*

पिंपळगाव राजा,
२९ मार्च २०२३

हर्षल,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोस्टमनने तरी मला ब्लॉक केलेलं नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की पाहुणे येतात. एकच आले होते. निवृत्त झालेले महादेवराव मास्तर. त्यांना वाटलं पेन्शनची तक्रार वर पोचवणारं हे काहीतरी मशीन आहे. ते पेन्शनवर बोलत राहिले आणि मी हो हो करत राहिलो. बोंडअळीच्या मुलाखतीत अळी मीच होतो आणि मुलाखत घेणाराही मीच. लोकांना आवडला असं लिहिलं, त्यातले लोक कोण हे मला विचारू नकोस.

खरं सांगायचं तर गेले बरेच दिवस मी भाग केलेला नाही. दुपारी जातो, ढिगावर चढतो, माइक लावतो, एक वाक्य टाकतो आणि तुझ्या बाजूला बघतो. तुझ्या बसण्याने कापसात पडलेला खड्डा अजून तसाच आहे. दोघांच्या गप्पांतला एक उठून गेला की उरलेल्याच्या गप्पा राहत नाहीत, नुसती बडबड होते. मग माइक बंद करतो आणि बसून राहतो. मला करमत नाही, हर्षल. मोबाइलच्या दुकानात दिवसभर माणसं असतात, घरी अम्मी आहे, अब्बा आहेत, तरी करमत नाही. एखादी गोष्ट सुचली की ती ऐकून तू नाकातून जो 'हं' करायचास, तो ऐकल्याशिवाय ती विनोदी आहे की नाही हे मला समजतच नाही.

पुण्यातला तो दिवस तू विसरला असशील. दोघंही ओपन माइकला गेलो होतो. आधी माझा नंबर लागला. माझं बोलणं संपल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "हे मराठीच होतं ना?" तेवढ्यावर मात्र सगळे हसले. मग तू गेलास आणि त्याच भाषेत बोललास आणि लोक पहिल्या वाक्यापासून तुझे झाले. परतीच्या गाडीत मी तुला खिडकी दिली आणि झोपेचं सोंग घेतलं. जळण्याची सुरुवात तिथली आहे, फोनवरची नाही. तुझ्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही, आणि ते काय हे मला अजून कळलेलं नाही.

इथे मी आत गेलो की काका ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. रस्त्याने कुणी हाक मारत आलं तर हात वर करतात. काकूंना मिक्सर लावू देत नाहीत. "थांब वं, आत काम चालू हाय." आत काम काय, तर मी बंद माइकसमोर बसलेलो. बाहेर येताना सांगतो, झाला भाग, मस्त झाला. ते खूश होतात आणि विचारतात, "हर्षलचा फोन आल्ता का तुले?" मी सांगतो, आला होता.

कापूस आता जुना झाला आहे. घरात सगळ्यांनाच खाज सुटते. काकूंच्या हातावर पुरळ आहे. मीही खाजवतच घरी जातो आणि अम्मी मला अंगणातच कपडे बदलायला लावते.

आणखी एक. परवा काकांनी मला ती क्लिप लावायला सांगितली. त्यांच्या फोनवर त्यांना ती सापडत नाही. पूर्ण पाहिली. मग म्हणाले, "अजून एक डाव लाव." पुन्हा लावली. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. दुखऱ्या दाताला माणूस जीभ लावत राहतो, तसं ते बघत होते असं मला वाटलं. मी तिथून उठलो.

तू तुकडा काढणार आहेस की नाही, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

शाकिर

*

पिंपळगाव राजा,
११ एप्रिल २०२३

हर्षल,

आज जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. अब्बांनी काकांना शब्द दिला होता. तो त्यांनी काल माझ्यापाशी मोडला, आज मी तुझ्यापाशी मोडतो. तू पुढे मोडू नकोस, निदान स्टेजवर तरी.

काल इफ्तारला बसलो होतो. अवकाळी पावसाचं बोलणं निघालं, त्यावरून कापसाचं. भाव पार खाली आला आहे. मी सहज म्हणालो, पंजाबकाकांनी तेव्हाच विकायला हवा होता, हावरटपणा नडला. तुझा तुकडा ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं होतं. अब्बांनी हातातला खजूर खाली ठेवला.

"भाव का तो बहाना था, बेटा," ते म्हणाले.

अब्बा दारोदार जाऊन कापूस घेतात हे तुला माहीतच आहे. दिवाळी झाल्याबरोबर ते टेम्पो घेऊन तुमच्या दारात उभे होते. भाव चढा होता. स्वतः व्यापारी असून त्यांनी काकांना सांगितलं की भाऊ, आज देऊन टाका, पुढे उतरेल. बाकी सगळा माल काकांनी मोजून दिला. पुढच्या खोलीला हात लावू दिला नाही.

"ते नाई, सईदभाई. पोट्ट्यायचं काम चालू हाय आत. खोली खाली केली तं आवाज घुमते म्हनते ते."

आठवतं ना तुला? आदल्या वर्षी कापूस लवकर गेला आणि त्या रिकाम्या खोलीत आपण सुरुवात केली होती. विहिरीत बसून बोलल्यासारखं यायचं. काकूंच्या गोधड्या टांगल्या, तरी घुमायचंच. शेवटी तू अंगणात येऊन हेडफोन आपटलास आणि ओरडलास की या घरात काहीच होऊ शकत नाही. काका तिथेच वखराला लोखंडी पास बसवत होते. पुढच्या दिवाळीत त्या खोलीत वर बसलं की डोकं छताला लागेल एवढा कापूस भरला आणि आवाज एकदम स्टुडिओसारखा आला. आपण नाचलो होतो. आपल्याला वाटलं आपलं नशीब.

अब्बांनी त्यांना विचारलं होतं, लोकांना काय सांगायचं? काका म्हणाले, "सांगजा, पंजाबराव भावासाठी थांबला. भावासाठी थांबलं तं लोक समजते. पोट्ट्यायच्या गप्पासाठी कापूस आडवला म्हनलं तं येडा म्हनतीन." ही गोष्ट त्यांनी काकूंनाही सांगितली नाही. आणि तुला तर नाहीच. तुझी क्लिप आल्यावर अब्बा त्यांच्याकडे गेले होते, म्हणाले आता तरी पोराला सांगा. तर म्हणाले, "राहू द्या. त्याचं दुकान चालते नं त्याच्यावर."

तुझ्या तुकड्यात एकच गोष्ट खोटी आहे आणि सगळा तुकडा तिच्यावर उभा आहे.

तू जानेवारीत गेलास. त्यानंतर तरी त्यांनी कापूस काढला असता. पण मी रोज दुपारी येत राहिलो, बंद माइक घेऊन, आणि हा माणूस भाव उतरताना बघत ओट्यावर माझी राखण करत बसला. मला त्यांचा राग आला, तुझा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

आता तुला काय करायचं ते कर.

शाकिर

*

पिंपळगाव राजा,
२४ एप्रिल २०२३

हर्षल,

पुढची खोली रिकामी झाली. मीच काकांना म्हणालो की आता मी नवं यंत्र घेतलं आहे, कुठेही बसून बोललं तरी आवाज घुमत नाही.

"खरं सांगून राह्यला का?"

"हाव, काका."

अब्बांनी टेम्पो आणला. भाव विचारू नकोस. ढिगाच्या तळाशी तुझी एक चप्पल निघाली, जिच्यासाठी आपण रात्री-बेरात्री अर्धा कापूस उपसला होता. काकांनी ती धुतली आणि ओट्यावर बाकीच्या चपलांशेजारी नीट ठेवली. दुसरी कुठे आहे ते तुलाच माहीत.

यंदा ईद आणि तुमची अखजी, कॅलेंडरवरची अक्षय तृतीया, एकाच दिवशी आली. मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो, काकूंनी मला आमरस-पोळीला बसवलं. जेवण झाल्यावर काका त्या खोलीत गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी माइक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली, आपण करायचो तसं, आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो." खोली घुमली. ते माझ्याकडे वळले.

"घुमते रे शाकिर. आता थो आला तं बसन कोठी?"

मी म्हणालो, माझ्या नव्या यंत्रावर बसेल. मग मला तिथे उभं राहवलं नाही.

काल गेलो तर खोलीच्या चारी भिंतींना खिळे मारलेले आणि घरातल्या सगळ्या गोधड्या टांगलेल्या. या उन्हात काकू आणि काका नुसत्या सतरंजीवर झोपतात. तसा अंथरायला कापूसही उरला नाही म्हणा.

तुझ्या शूटिंगला शुभेच्छा. मनापासून देतो आहे. दात खाऊन देतो आहे, पण मनापासून.

शाकिर

*

पिंपळगाव राजा,
९ जुलै २०२३

हर्षल,

तुझा कार्यक्रम पाहिला. पत्रं तुला मिळाली हे मला आता कळलं.

काल तो यूट्यूबवर आला हे काकांनी कुठून ऐकलं माहीत नाही. मी दुकानात होतो तर फोन आला, लगेच ये. गेलो तर त्यांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. काकू शेजारी बसलेल्या. आणि इंद्रभान. हो, हॉटेल सोडून इंद्रभान. काकांनी त्याला स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्याच पुढच्या खोलीत, गोधड्यांच्या मधोमध, माझा फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही चौघं त्याच्यासमोर बसलो.

"शेवटी हाय माह्यं," काका इंद्रभानला म्हणाले. "पोस्टरवर तेच देल्लं त्यानं."

तुकडा असला तर ते इंद्रभानसमोर काय करतील, या भीतीने सुरुवातीला मी पडद्याकडे बघतच नव्हतो.

तू चांगला होतास. हे लिहायला मला त्रास होतो, पण चांगला होतास. घरमालकाचं, जिमचं, तुझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं, सगळं जमलं. भाषाही आता तिकडचीच झाली आहे. काका प्रत्येक टाळीला इंद्रभानकडे बघत होते. कुत्र्याचं त्यांना समजलं नाही, तरी ते हसले. तासाभरात एकदाही तू इकडचं नाव घेतलं नाहीस. शेवट जवळ आला तसे काका पुढे सरकून बसले. तू लिफ्टवरचा विनोद केलास, लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि नावं वर सरकायला लागली.

"संपलं?" काकांनी विचारलं.

"हाव, काका."

"माह्यं नाई आलं."

इंद्रभानने हॉटेलात कुणी नाही असं सांगितलं आणि तो निघाला. जाताना त्याने मान खाजवली नाही. काकू चहा ठेवायला उठल्या. काका फोनकडेच बघत होते. मग म्हणाले, "मी काई बोल्लो होतो का रे त्याले? राग आला असन त्याले माह्या."

मला गप्प बसता आलं असतं. नाही बसलो. सांगितलं की काका, तो तुकडा काढायला मी लिहिलं होतं. माझ्यामुळे गेला तो.

"काऊन बे?"

"लोक तुमच्यावर हासते, म्हणून."

"हासू दे नं," ते म्हणाले. "तेवढंच तं होतं त्याच्यात आपलं."

हर्षल, मी किती महिने त्यांच्यासमोर बसत होतो. क्लिप दोन-दोनदा लावायला सांगायचे तेव्हा मला वाटायचं त्यांना लागलं आहे. ते तुला बघत होते रे. पुण्याच्या त्या उजेडात त्यांचा पोरगा त्यांच्यासारखा चालत होता, ते बघत होते. इंद्रभानच्या हॉटेलात ते हसायचे ते खरंच हसायचे. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. तूही माझं ऐकलंस. बाकी आयुष्यात कधी ऐकलं नाहीस आणि नेमकं तेव्हा ऐकलंस. तू ते माझ्यासाठी केलंस की त्यांच्यासाठी, हे मला माहीत नाही, पण मनात काहीतरी हललं असेल म्हणूनच केलंस, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर रागावू शकत नाही.

चहा झाल्यावर म्हणाले, त्याला पत्र लिहितोस ना, तर एक लिही. मी म्हटलं सांगा.

"लिही का बाकी बराबर होतं. चालनं बराबर होतं. बोलनं बराबर होतं. पन थो उजव्या हातानं खाजोते. मी डाव्या हातानं खाजोतो."

मी हसलो. त्यांना वाटलं माझा विश्वास बसला नाही. ते उठले आणि करून दाखवायला लागले. डावा हात मानेवर, तिथून पाठीकडे, आणि मग तो पोचत नाही म्हणून अख्खी पाठ दाराच्या चौकटीला घासायची, तोंड मात्र असं की जणू जिनिंग मिलच्या मालकाशी भावाची घासाघीस चालली आहे. चौकटीवर ते क्षणभर थांबतात, डोळे मिटतात, आणि मग म्हणतात, "येऊन राह्यला." माझं पोट दुखायला लागलं. काकू चुलीपुढून ओरडल्या की काय चालवलं आहे. किती महिन्यांनी मी असा हसलो होतो मला आठवत नाही. पुण्यात तुझ्याकडे जे होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते कुठून आलं हे मला काल दिसलं.

मग ते बसले. धाप लागली होती. भिंतीकडे बघून म्हणाले, "अजून घुमतेच थोडं. दिवाळीले कापूस भरू."

सरकी लावून झाली आहे. कापसाची पऱ्हाटी वीतभर वर आली आहे. यंदाचा कापूस विकायचा की ठेवायचा यावर मी आणि अब्बा त्यांच्याशी भांडणार आहोत, तू त्यात पडू नकोस. दिवाळीपर्यंत गोधड्या टांगलेल्या आहेत. मी अजून दुपारी जातो. आता माइक चालू ठेवतो, आणि मध्ये मध्ये गप्प बसतो, तुझ्या 'हं'ची जागा सोडून.

डाव्या हाताचं लक्षात ठेव. बाकीचं, ते चौकटीचं, मला पत्रात लिहिता आलेलं नाही. ते बघायला तुला इथे यावं लागेल. येताना दुसरी चप्पल घेऊन ये.

शाकिर